शेकडा किती... पण कोणाचा शेकडा?



मागच्या आठवड्यात नातीचा फोन आला. सातवीत आहे. "आजोबा, अ तुकडीत ५० पैकी ३० पास, ब तुकडीत २० पैकी १५. कोणती तुकडी पुढे?" मी मुद्दाम म्हणालो, "अ! तीस मोठे की पंधरा?" पोरगी खळखळून हसली. "अहो, शेकडा काढा ना! साठ आणि पंच्याहत्तर!"

मीही हसलो. पण फोन ठेवल्यावर १९८४ साल आठवलं. तीच चूक मी तेव्हा केली होती, आणि तीही भर वर्गात!

तो काळ आधी सांगतो. आमचा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. पुढे १९७४ मध्ये विकासासाठी मोठं आंदोलन झालं. आम्ही मागे आहोत असं सगळेच म्हणायचे, पण किती मागे, हे कोणी मोजलेलं नव्हतं. ते मोजायला सरकारने १९८३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आमचा जालना जिल्हा तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता.

समितीची रीत साधी होती. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा एकेका बाबीत राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याची तूट रुपयांत मांडायची. या तुटीचं नाव अनुशेष. १९८४ च्या अहवालात एकूण अनुशेष निघाला सुमारे ३,१८७ कोटी. त्यात विदर्भ १,२४७ कोटी, उर्वरित महाराष्ट्र १,१८९ कोटी, आणि मराठवाडा ७५१ कोटी.

हे आकडे पेपरात वाचून मी आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहिले. शेकडेवारीही मांडली: ३९, ३७ आणि आपले साडेतेवीस. आणि म्हणालो, "बघा, सगळ्यात कमी अनुशेष आपलाच! उगीच रडतो आपण."

मागच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला. "सर, पण तिकडं माणसं बी जास्त असतेल ना?"

मी गप्प झालो. घरी येऊन १९८१ च्या जनगणनेचे आकडे घेऊन बसलो. राज्याची लोकसंख्या सुमारे ६ कोटी २८ लाख, मराठवाड्याची ९७ लाख. म्हणजे शेकडा साडेपंधरा माणसांच्या वाट्याला शेकडा साडेतेवीस तूट! उर्वरित महाराष्ट्रात ३ कोटी ८७ लाख, म्हणजे शेकडा बासष्ट माणसं, आणि तूट शेकडा सदतीस. माणशी हिशोब केला तर तिकडे सुमारे ३०७ रुपये, आमच्याकडे ७७२. अडीचपट! लहानपणी पाठ केलेली अडीचकी अशी समोर येईल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात जाऊन चूक कबूल केली. पोरं आनंदली. गुरुजी चुकले की पोरांना आनंद होतोच!

गोष्ट इथे संपली असती तर छान होतं. पण शिक्षकाची खोड. मी पुन्हा भागाकार केला, या वेळी जमिनीने. मराठवाडा म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाचा शेकडा एकवीस. एकवीस हिस्से जमीन, साडेतेवीस हिस्से तूट. म्हणजे फरक अगदी थोडा! अडीचपटीचा माझा आवेश निम्मा उतरला.

मग खरं काय? मला वाटतं, दोन्ही. शाळा आणि दवाखाना माणसांसाठी असतात, तिथे माणसांनी भागावं. रस्ता आणि कालवा जमिनीवरून जातात, तिथे जमीनही धरावी. चूक होते ती आपल्याला सोयीचा छेद निवडला की. आधी मी छेदच घेतला नव्हता, नंतर आवडता घेतला. दोन्ही वेळा अंश तोच होता.

पुढे १९९४ मध्ये विकास मंडळं आली, एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. वाटपाचे वाद आजही कानावर येतात. कोणीही आकडा सांगितला की मी एवढंच विचारतो, "शेकडा किती ते कळलं... पण कोणाचा शेकडा?"

तो मागच्या बाकावरचा पोरगा आता पन्नाशी ओलांडून गेला असेल. हे त्याच्या वाचनात आलं तर त्याने जरूर कळवावं. त्याचे आभार मानायचे राहून गेलेत.