मनगटी घड्याळातील पूर्वरूपाचे अवशेष

आकुर्डी हे पुणे-मुंबई मार्गावरील गाव १९६० नंतर कारखानदारीचे केंद्र बनले व १९७० साली पिंपरी-चिंचवड नगरपालिकेत समाविष्ट झाले. पाळीच्या तासांनी बांधलेल्या अशा वस्तीत मनगटी घड्याळ नित्याचे झाले. बंगळूरच्या एच. एम. टी. कारखान्यात १९६१ पासून बनू लागलेल्या घड्याळांना रोज ‘चावी द्यावी’ लागे. वस्तुतः तेथे चावी नव्हतीच. कडेचे खाचदार बटण तेवढे फिरवावयाचे असे.

पोर्तुगीजांकडून मराठीत आलेला ‘चावी’ हा शब्द येथे एका लुप्त अवस्थेची साक्ष देतो. पूर्वी खिशातील घड्याळाला खरोखरीच सुटी चावी असे. आद्रियाँ फिलिप यांनी १८४५ साली बटणाने चालणाऱ्या रचनेचे पेटंट घेतले आणि पुढे चावी गेली. शब्दप्रयोग मात्र उरला.

जे भाषेत घडले तेच वस्तूतही घडलेले दिसते. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात स्त्रिया गळ्यातील साखळीला वा पदकाला अडकविलेले लहान घड्याळ वापरीत. मनगटी घड्याळाची आवड वाढताच यांपैकी पुष्कळांची वरची कडी कापून बाजूंना तारेचे कान झाळण्यात आले व त्यांतून पट्टा ओवला गेला. मनगटी घड्याळ हा तोवर बहुधा स्त्रियांचा अलंकार समजला जाई; १९१४–१८ च्या महायुद्धाने ते पुरुषांतही रूढ केले.

गळ्यातील उघड्या घड्याळाचे बटण बाराच्या आकड्यापाशी असते. ते मनगटावर उजवीकडे आणले आणि तबकडी तशीच ठेवली, तर बाराचा आकडाही उजवीकडे जातो. तबकडी फिरवून बसविली, तर सहापाशी असलेला लहान सेकंदकाटा नवापाशी येतो. झाकणाच्या घड्याळात बटण मुळातच तिनापाशी असल्याने हा पेच पडत नाही.

ही विसंगती म्हणजे दोष नव्हे, पुरावा होय. अर्थात अलीकडे विक्रीसाठी जुळविलेली घड्याळेही आढळतात. म्हणून झाळकामाची झीज व कापलेल्या कडीची खूण तपासणे अगत्याचे ठरते. आकुर्डीतील वा अन्यत्रच्या एखाद्या जुन्या घरातले असे घड्याळ सराफाकडे मोडीत गेले, तर सोन्याचे वजन तेवढे उरते आणि स्त्रियांच्या वापरातील एका स्थित्यंतराचा लेख कायमचा पुसला जातो.