तळटीप : सिंगापूर ते न्यूयॉर्क, अंतर आणि वेळ

१. लेखकाने दिलेला ‘सतरा तास’ हा आकडा सुमारे १५,३०० किलोमीटरना ताशी ९०० किलोमीटर वेगाने भागून काढलेला दिसतो. भागाकार बरोबर आहे, पण प्रवासाची वेळ अशी निघत नाही. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो उत्तर ध्रुवाजवळून जातो. कारण त्यांच्या रेखांशांत जवळजवळ १७८ अंशांचे अंतर आहे. १५,३०० किलोमीटर ही त्या दोऱ्याची लांबी. विमान मात्र वाऱ्याचाही हिशेब करते. न्यूयॉर्कला जाताना ते अनेकदा पॅसिफिकवरून लांबचा वळसा घेते, कारण तिथे पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह पाठीशी असतो. धावपट्टीपर्यंतची रखडपट्टीही वेळापत्रकात धरलेली असते.

भागाकाराने निघणारी वेळ आणि प्रत्यक्ष वेळ यांतला फरक पृथ्वीच्या फिरण्यामुळे पडतो, असे कोणी म्हणेल. तसे नाही; हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, फरक पडतो तो वाऱ्यामुळे. मग अंतराचा आकडा निरुपयोगी का? तसेही नाही. किमान किती उडावे लागेल, हे त्यावरूनच कळते. फक्त त्याला प्रवासाची वेळ समजू नये. निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या स्थानिक वेळांची नुसती वजाबाकीही फसवते : सिंगापूरचे घड्याळ न्यूयॉर्कच्या उन्हाळ्यात १२, तर हिवाळ्यात १३ तास पुढे असते. या मार्गावर २०२०मध्ये सुरू झालेल्या थेट विमानसेवेला दोन्ही दिशांनी अठरा तासांहून अधिक वेळ लागतो. वाचकांनी येथे तोच आकडा धरावा. – संपादक