कॅटलॉग आणि निकालपत्रक

स्मरणिकेच्या शेवटी आपल्या तुकडीची यादी छापायची असं बैठकीत ठरलं, तेव्हा ते काम मी आपण होऊन मागून घेतलं. जन्मभर शिक्षकी केलेल्या माणसाला याद्या करायची खोडच असते. शाळेत गेलो. कार्यालयात कपाट उघडून मार्च १९८४ च्या दहावीचं निकालपत्रक हातात दिलं गेलं. आपल्या 'ब' तुकडीतली उत्तीर्णांची एकतीस नावं मी उतरवून घेतली, चहा घेतला आणि घरी आलो. रात्री जेवताना एकदम आठवलं, यात आपला मिस्त्री नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो आणि कॅटलॉग मागितला. दहावीच्या वर्षाचा, जूनचा. त्यात अठ्ठेचाळीस नावं होती. म्हणजे सतरा जण माझ्या यादीतून गळले होते, आणि मला त्यातला एकच आठवला होता. हे लिहितानाही बरं वाटत नाही.

पुढच्या बैठकीत मी म्हटलं, यादी कॅटलॉगवरून करू. एक मित्र अगदी सरळपणे म्हणाला, "अरे, चौऱ्याऐंशीची बॅच म्हणजे चौऱ्याऐंशीला पास झालेलेच ना?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही. नोकरीत असताना परीक्षापद्धतींचा इतिहास मी आवडीने वाचत आलो. हा लेख म्हणजे त्या मित्राला उशिरा दिलेलं उत्तर आहे.

इंग्रजी अमलाआधी आपल्याकडे पंतोजींच्या शाळा होत्या. धूळपाटीवर अक्षरं, मग मोडी, पाढे, पावकी-निमकी, हिशेब. त्या शाळांचं गुणगान करायचा माझा हेतू नाही. छडी होती, घोकंपट्टी होती आणि बहुतेक जातींना व मुलींना तिथं दारच नव्हतं. पण वार्षिक परीक्षा नव्हती. ज्याला जेवढं आलं तेवढं त्याला आलं, पुढचं उद्या. मोठी मुलं धाकट्यांचं म्हणून घेत. अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने मद्रासजवळ एग्मोरला लष्करी अनाथाश्रम चालवताना देशी शाळेतली मुलं वाळूत अक्षरं गिरवताना पाहिली, तसं आपल्या मुलांकडून करून घेतलं, मोठ्यांना धाकट्यांवर नेमलं आणि १७९७ साली त्यावर पुस्तक लिहिलं. विलायतेत ती 'मद्रास पद्धत' म्हणून गाजली. आपल्या वर्गातला मॉनिटर, जो फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायचा, तो या पद्धतीचा लांबचा वारस म्हणायला हरकत नाही.

पास-नापास आलं ते विद्यापीठाबरोबर. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. त्याची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली आणि त्यात उत्तीर्ण झालेल्या मोजक्या मुलांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. मॅट्रिक ही मुळात कॉलेजात कुणाला घ्यायचं हे ठरवणारी परीक्षा होती. शाळेत काय शिकलात याचा हिशेब हा तिचा उद्देशच नव्हता. पण सरकारी नोकरीसाठी तोच दाखला चालू लागला आणि बघता बघता सगळी शाळा त्या एका दाराकडे तोंड करून बसली.

त्यातच पैशाची भानगड शिरली. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो यांनी नवा नियम आणला. मुलाच्या हजेरीबद्दल शाळेला चार शिलिंग आणि परीक्षेबद्दल आठ. वाचन, लेखन, गणित यांपैकी ज्या विषयात मूल नापास, त्या प्रत्येक विषयामागे दोन शिलिंग आठ पेन्स कापायचे. निकालावर पैसा. हीच रीत मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांनाही लागू झाली. अशा शाळेत कच्च्या मुलाला जवळ घेऊन बसणारा मास्तर शहाणा ठरेल का? ज्याच्यावर पैसे मिळायची खात्री, त्याच्याकडूनच घोटून घ्यायचं.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही त्यांची मागणी आपल्याला पाठ असते. पण त्यात तपासणीविषयीही मजकूर आहे आणि तो मला फार आवडतो. डेप्युटीसाहेबांनी वर्षातून एकदा शाळेत येण्याने काही साधत नाही, निदान दर तीन महिन्यांनी यावं, आणि अधूनमधून न कळवता यावं, असं त्यांनी सांगितलं. साहेब येणार म्हणून शेणाने सारवलेला वर्ग आणि पुढच्या रांगेत बसवलेली चार हुशार मुलं ज्याने पाहिली आहेत, त्याला या सूचनेचं मोल कळेल. आपल्याही वेळी इन्स्पेक्शनच्या दिवशी कुणाला मागे बसवायचे, ते आठवा.

निकालावर अनुदान देण्याची ही रीत कर्झनच्या काळात, १९०४ च्या शैक्षणिक ठरावाने, सरकारनेच वाईट ठरवली. सवय मात्र राहिली. पैसा गेला, त्या जागी शाळेचा टक्का आला.

स्वातंत्र्यानंतरच्या प्रत्येक आयोगाने परीक्षेला नावं ठेवली. राधाकृष्णन आयोग म्हणाला, एकच सुधारणा सुचवायची झाली तर परीक्षेची सुचवू. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने सार्वजनिक परीक्षा कमी करा, मुलाची वर्षभराची नोंद ठेवा, आकड्यांऐवजी श्रेणी द्या, असं सांगितलं. १९५७ साली अमेरिकेतले बेंजामिन ब्लूम भारतात आले, कार्यशाळा झाल्या, आणि ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य हे चार शब्द पुढे बी.एड. झालेल्या प्रत्येकाच्या कपाळी आले. संविधान तक्ते मी शेकड्यांनी भरले असतील. प्रश्नपत्रिका त्यामुळे सुधारल्या, हे खरं. १९७५ साली अकरावीची एसएससी जाऊन दहावीची आली. पण दार एकच राहिलं, फक्त एक वर्ष अलीकडे सरकलं.

आता मिस्त्रीकडे येतो. वडील सुतारकाम करायचे म्हणून आपण त्याला मिस्त्री म्हणायचो. भूमितीच्या तासाला बाईंनी एक प्रमेय घातलं होतं. त्याने पुस्तकातली रीत सोडून कागद दुमडून ते दाखवलं. बाईंनी वहीवर गुण दिलेच नाहीत, शेरा लिहिला, "ही रीत तुझी आहे. आता शब्दांत मांड." ती वही त्याने वर्गभर फिरवली होती, कुणाकुणाला आठवत असेल. मार्चमध्ये तो गणितात थोडक्यात गेला. ऑक्टोबरला बसला नाही. निकालाच्या दिवशी आपण पेढे वाटत होतो आणि तो सायकल हातात धरून फाटकाबाहेर उभा होता. मी त्याला पाहिलं. पेढा घेऊन बाहेर गेलो नाही.

पुढे शिक्षक झाल्यावर काही वर्षांनी एका सहामाहीत माझ्याकडून घोटाळा झाला. एका मुलाच्या उत्तरपत्रिकेचे गुण तक्त्यावर चढवायचे राहिले आणि आधी तपासलेली आहे हे विसरून मी ती सुट्या कागदावर पुन्हा तपासली. नंतर पहिले गुण सापडले. दोन्हींत सहा गुणांचा फरक होता. माणूस मीच, पेपर तोच. पहिल्या वेळी मी दमलेलो होतो, एवढंच. अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी १९१३ साली भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडे पाठवली होती. शंभरपैकी गुण आले अठ्ठावीसपासून ब्याण्णवपर्यंत. हे मी वाचलं तेव्हा पहिल्यांदा मिस्त्री आठवला. त्याचा पेपर चुकीचा तपासला गेला असं मी म्हणत नाही, ते कुणालाच कळणार नाही. पण ज्या रेषेच्या या बाजूला आपण आणि त्या बाजूला तो, ती रेषा इतकी ठाम नव्हती.

बाईंच्या शेऱ्यालाही पुढे संशोधनाचा आधार मिळाला. रूथ बटलर यांनी १९८८ साली इस्रायलमधल्या मुलांवर केलेला अभ्यास आहे. काहींना नुसते गुण, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. प्रगती दिसली ती नुसता शेरा मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेल्यांचं तसं झालं नाही. मूल आधी आकडा बघतं आणि मग शेरा वाचून न वाचल्यासारखाच. शिक्षण हक्क कायद्यानंतर २०१० पासून आपल्याकडे आकारिक आणि संकलित मूल्यमापन आलं, वर्णनात्मक नोंदी आल्या. कल्पना बाईंचीच होती म्हणा ना! पण लवकरच तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या आणि साठ मुलांच्या वर्गात आम्ही त्या उतरवू लागलो. मीही उतरवल्या. 'वर्गात उत्साहाने सहभागी होतो' हे वाक्य मी किती मुलांबद्दल लिहिलं असेल, देव जाणे.

आणि २०२१ साली, करोनामुळे, दहावीची परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण, दहावीचं अंतर्गत काम, तोंडी-प्रात्यक्षिक यावरून निकाल लागला तो ९९.९५ टक्के. लोक हसले. मला हसू आलं नाही. त्या वर्षी निकालपत्रक आणि कॅटलॉग जवळजवळ एकच झाले होते.

गेल्या महिन्यात मिस्त्रीचा फोन नंबर मिळाला. तो बांधकामाची कामं घेतो. मेळाव्याला ये म्हटलं तर म्हणाला, "मी कशाला? मी कुठं पास झालो?" मी म्हटलं, कॅटलॉगात तुझा नंबर बत्तीस आहे, माझा तेहतीस. वर्षभर तुझ्यामागून 'हजर' म्हणत होतो. थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, बाई येणार आहेत का?

बाई येणार आहेत. तो येईल की नाही, सांगता येत नाही.

समितीने शेवटी माझं ऐकलं. या स्मरणिकेच्या अखेरीस दिलेली यादी कॅटलॉगवरून, हजेरी क्रमांकाने केली आहे. नावांपुढे टक्के नाहीत. अठ्ठेचाळीसपैकी चार जण आता नाहीत. क्रमांक ७, १९ आणि ४१ यांचा पत्ता अजून लागलेला नाही. कुणाला ठाऊक असेल तर मला कळवा.