धर्मशाळा व सराई

यात्रेकरू, व्यापारी व इतर वाटसरू यांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी बांधलेल्या वास्तू. धर्मशाळा ही सामान्यतः पुण्यप्राप्तीच्या हेतूने दात्याने बांधलेली व विनामूल्य किंवा नाममात्र आकाराने मिळणारी जागा असते, तर सराई ही बहुधा राजमार्गावरील, तटबंदीयुक्त व जनावरांसह उतरण्याची सोय असलेली वास्तू असते. व्यवहारात मात्र हा भेद काटेकोरपणे पाळला जात नाही. पाणपोई (सं. प्रपा) व अन्नछत्र या त्यांना पूरक अशा संस्था होत.

अशोकाच्या (इ. स. पू. तिसरे शतक) सातव्या स्तंभलेखात रस्त्याच्या कडेला वड व आमराया लावल्याचा, तसेच ठरावीक अंतरावर विहिरी व विश्रांतिस्थाने केल्याचा उल्लेख आहे. महाराष्ट्रातील सर्वांत बोलका पुरावा नासिकच्या पांडवलेण्यांत आढळतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याने भरुकच्छ (भडोच), दशपुर (मंदसोर), गोवर्धन व शूर्पारक (सोपारा) येथे चौसोपी निवासस्थाने बांधली. तापी, दमणा, दाहनुका इ. नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्या आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व पाणपोया उभारल्या, असे तेथील लेखात म्हटले आहे. नावेची वाट पाहणाऱ्या माणसाला सावली व पाणी लागते, हे ध्यानी घेऊन केलेली ही योजना आहे. सोपारा व भडोच ही त्या काळची मोठी बंदरे होती. तेव्हा या दानामागे धर्माइतकाच व्यापारही असावा.

मध्ययुगीन सराईची रचना पुष्कळशी ठराविक असे : चौरस आवार, चारी बाजूंना ओवऱ्या, मध्ये विहीर व बहुधा मशीद, आणि रात्री बंद होणारा मोठा दरवाजा. स्वयंपाक, अंथरूण व जनावरांची वैरण हे भटियारे पाहत. शेरशाहने (कार. १५४०—४५) प्रमुख मार्गांवर दर दोन कोसांवर एक याप्रमाणे १,७०० सराया बांधल्याचे अब्बासखान सरवानी सांगतो. हा आकडा जसाच्या तसा स्वीकारणे कठीण आहे. परंतु हिंदू व मुसलमान यांच्यासाठी स्वतंत्र जागा आणि हिंदूंसाठी ब्राह्मण सेवक असत, हा त्याने दिलेला तपशील महत्त्वाचा आहे. मुक्कामाची जागा शोधणाऱ्या प्रवाशापुढे ती कशी आहे यापेक्षा तेथे आपल्याला प्रवेश आहे किंवा नाही, हा प्रश्न आधी उभा राही.

अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकर (कार. १७६७—९५) यांनी भारतभरच्या तीर्थक्षेत्री घाट व धर्मशाळा बांधल्या. ब्रिटिश अमदानीत डाकबंगले आले व १८६७ च्या कायद्याने सरायांची नोंदणी सुरू झाली. डाकबंगल्यातील खानसामा पाहुणा दिसताच कोंबडीमागे धावे, हे तत्कालीन प्रवासवर्णनांतील नेहमीचे चित्र. १८५३ नंतर रेल्वेने सर्वांना एका गाडीत बसविले. स्थानकांवर मात्र हिंदू पाणी व मुसलमान पाणी वेगळेच राहिले.

अस्पृश्य मानलेल्यांना दोन्हीकडे जागा नव्हती. १९०१ मध्ये साताऱ्याहून वडिलांकडे निघालेल्या बाल भीमराव आंबेडकरांना व त्यांच्याबरोबरच्या मुलांना मसूर स्थानकापासूनच्या बैलगाडीच्या प्रवासात पाणी मिळाले नाही. शिदोरी जवळ असूनही ती मुले उपाशी झोपली. १९१७ मध्ये परदेशातील उच्च शिक्षणानंतर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होताना त्यांना एका पारशी विश्रामगृहात पारशी नावाने राहावे लागले. काही दिवसांतच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. शहरात अन्यत्र आसरा न मिळाल्याने मुंबईची गाडी येईपर्यंतचा वेळ त्यांनी सार्वजनिक बागेत काढला.

सी. के. बोले यांचा १९२३ चा मुंबई विधिमंडळातील ठराव पाणवठ्यांबरोबरच धर्मशाळांनाही लागू होता. तथापि तो सार्वजनिक निधीतून चालणाऱ्या जागांपुरता होता आणि बहुसंख्य धर्मशाळा खाजगी दानाच्या होत्या. ही उणीव महाराष्ट्रात गाडगे महाराजांनी (१८७६—१९५६) ओळखली. लोकांकडून पैसा जमवून त्यांनी पंढरपूर, नासिक, देहू, आळंदी इ. ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा अस्पृश्य वारकऱ्यांसाठी होती; विठ्ठलमंदिर १९४७ मध्ये हरिजनांना खुले होण्याच्या कितीतरी आधी तेथे त्यांना हक्काचे छप्पर मिळाले. १९४९ मध्ये ती वास्तू आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविण्यात आली.

संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने उपाहारगृहे व हॉटेले यांतील प्रवेशबंदी रद्द केली. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमात धर्मशाळा, सराई व मुसाफिरखाना यांचा नावानिशी निर्देश असून, तेथील भांडी वापरण्यास मनाई करणे हाही त्यात अपराध ठरविला आहे.