सार्वजनिक धोरणाचे पदवी शिक्षण : नागपूर प्रांताचा वारसा आणि मोहगावचा सीमाभाग

सार्वजनिक धोरण हा पदवीचा मुख्य विषय असू शकतो, ही कल्पना आपल्याकडे अलीकडची समजली जाते. मध्य प्रदेशात २०२१-२२ या वर्षापासून राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार पदवी वर्गांची रचना बदलली आणि ‘मेजर’, ‘मायनर’ हे शब्द लहान गावांतील महाविद्यालयांतही रुळले. परंतु शासनाचे निर्णय कसे होतात आणि ते गावापर्यंत कसे पोहोचतात, याचा विद्यापीठीय अभ्यास या भागाला परका नाही. त्याची एक महत्त्वाची सुरुवात जुन्या मध्य प्रांताची राजधानी असलेल्या नागपुरात झाली. सौंसर-पांढुर्णा पट्ट्यातील मोहगाव त्याच प्रांताचा भाग होते.

लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर मध्य प्रांतात १८८३ मध्ये स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने नवा कायदा करून जनपद योजना अमलात आणली. द्वारकाप्रसाद मिश्र हे तिचे प्रमुख पुरस्कर्ते होते. जिल्हा कौन्सिले जाऊन तहसील हा स्थानिक कारभाराचा मुख्य घटक ठरला. लोकांनी निवडलेली जनपद सभा आणि तिचा मुख्य कार्यकारी म्हणून शासकीय अधिकारी, अशी तिची रचना होती. कारभार लोकांच्या जवळ आणणे हा हेतू होता. मात्र उत्पन्नाची अपुरी साधने ही तिची दुखरी बाजू राहिली.

याच सुमारास, १९४९ मध्ये, नागपूर विद्यापीठात लोकप्रशासन व स्थानिक स्वराज्य यांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्यापूर्वी मद्रास, लखनौ, अलाहाबाद येथे या विषयाच्या पदविका होत्या. स्वतंत्र विभाग म्हणून नागपूरचा मान पहिला समजला जातो. विभागाच्या नावातच ‘स्थानिक स्वराज्य’ होते, ही बाब लक्षणीय आहे. वुड्रो विल्सन यांनी १८८७ मध्ये प्रशासनाच्या अभ्यासाविषयी लिहिले, तर ‘धोरणशास्त्रे’ ही संज्ञा १९५१ मध्ये हॅरॉल्ड लासवेल व डॅनियल लर्नर यांच्या ग्रंथाने रूढ केली. दिल्लीची भारतीय लोकप्रशासन संस्था १९५४ ची. म्हणजे अमेरिकेत या विद्याशाखेचे नामकरण होत असतानाच नागपुरात तिचा अभ्यास चालू होता आणि अभ्यासाची सामग्री आसपासच्या तहसिलींतच होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याबरोबर सौंसर, पांढुर्णा, मोहगाव येथील मराठी भाषकही. नागपूरचा बाजार जवळच राहिला, पण तेथील विद्यापीठ व विधिमंडळ दुसऱ्या राज्याचे झाले.

एकाच कायद्याखाली नांदलेल्या या शेजारी मुलखांनी पुढे दोन वेगळ्या वाटा धरल्या. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीने १९६१ मध्ये जिल्हा पातळीवर बलवान संस्था असावी असे सुचवले आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. नाईक हे १९५२ मध्ये जुन्या मध्य प्रदेशच्या विधानसभेवर निवडून आलेले. जनपद पद्धतीचा कारभार त्यांच्या परिचयाचा होता. मध्य प्रदेशच्या १९६२ च्या पंचायत कायद्यात मात्र ‘जनपद’ हे नाव टिकले आणि आजही सौंसरला जनपद पंचायतच आहे. महाराष्ट्रात त्या पातळीवर पंचायत समिती असते. शब्दांचीही गंमत अशी की, महाराष्ट्रात ‘नगरपरिषद’ ही नगरपंचायतीहून वरची पायरी, तर मध्य प्रदेशात ‘नगर परिषद’ ही नागरी संस्थांची सर्वांत लहान श्रेणी. मोहगावच्या विद्यार्थ्याने सीमेपलीकडचे मराठी पाठ्यपुस्तक उघडले, तर ओळखीचा शब्दही त्याला चुकीच्या अर्थाकडे नेऊ शकतो.

दरम्यान महाराष्ट्रातील विद्यापीठांत लोकप्रशासन हा बी. ए. चाही विषय झाला. १९८७ पासून तो संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतही आला आणि विद्यार्थ्यांची ओढ वाढली. परंतु परीक्षेच्या ओढीने विषयाचे केंद्र हलले. विचारवंतांची नावे आणि सिद्धांतांच्या व्याख्या पाठ होऊ लागल्या. विभागाच्या मूळ नावातले ‘स्थानिक स्वराज्य’ मागे पडले.

दुसरी एक परंपरा येथे उपयोगी पडेल. १९३० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी पाहणीला अभ्यासाचा पाया मानले. वाई तालुक्यातील शेतीची पाहणी १९४० मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचा पहिला खंड १९४५ मध्ये. पुढे १९६७ मध्ये गाडगीळ नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. एका तालुक्याची शेती मोजणारा अभ्यासक देशाच्या नियोजनापर्यंत पोहोचला, हा क्रम अध्यापकांनी ध्यानात घेण्याजोगा आहे.

२०१९ मध्ये छिंदवाड्यास स्वतंत्र विद्यापीठ मिळाले, २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालये, नव्या हद्दी, निधीच्या नव्या वाटण्या, अर्थात धोरणाच्या अभ्यासाची समोर उभी असलेली सामग्री. संत्र्याची बाजारव्यवस्था, नळपाणी, नगर परिषदेचा अर्थसंकल्प, तसेच संविधानाच्या कलम ३५० क नुसार भाषिक अल्पसंख्य मुलांच्या मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाची सोय हे प्रश्न येथे पुस्तकी नाहीत. सीमेच्या दोन्ही बाजूंची एकेक ग्रामपंचायत घेऊन तीन वर्षांत केलेली तुलना पदवीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात आहे. अहवाल हिंदीत आणि घरची भाषा मराठी, ही त्याची अडचण खरी. पण दोन्ही राज्यांची कागदपत्रे वाचू शकणारा अभ्यासक याच अडचणीतून घडतो.

हे घडले नाही, तर ‘मेजर’ म्हणून घेतलेला हा विषय गुणपत्रिकेवरील एक रकाना ठरेल, आणि ज्यांच्यावर निर्णय लागू होतात त्यांच्या मुलांना ते निर्णय वाचता येणार नाहीत. १९४९ मध्ये नागपुरात विद्यापीठ आणि तहसील यांचे जे नाते जुळले होते, ते पुन्हा जुळवण्याचे काम आता लहान गावांतील अध्यापकांकडे आले आहे.