घाट

घाट : एकच उच्चार, पण प्रदेशागणिक निराळा अर्थ असलेला शब्द. संस्कृत ‘घट्ट’ म्हणजे नदीचा उतार किंवा धक्का. उत्तर भारतात हाच अर्थ कायम राहिला. वाराणसीत गंगेच्या पश्चिम तीरावर चौऱ्याऐंशीच्या आसपास घाट असून पंचगंगा, दुर्गा आणि ब्रह्मा घाटांचा परिसर जुन्या मराठी वस्तीचा आहे. गौड सारस्वतांच्या काशी मठाची वास्तूही ब्रह्मा घाटावरच आहे. पावसाळ्यात पुराचे पाणी पायऱ्या गिळते. ओसरल्यावर साचलेला गाळ पाण्याचे फवारे मारून पुन्हा नदीत लोटावा लागतो.

मराठीत मात्र घाट म्हटले की आधी डोंगरातली वळणावळणाची वाट आठवते : बोरघाट, आंबाघाट, थळघाट. ‘घाटावर’ राहणारा माणूस काशीत नदीकाठचा ठरतो, तर कोकणात देशावरचा. त्यावरूनच आलेला मुंबईतील ‘घाटी’ हा शब्द बहुधा हिणवण्यासाठीच वापरला गेला. इंग्रजांनी तर वाटेचे नाव अख्ख्या पर्वतरांगेला दिले. नदीकाठचा अर्थ मराठीला परका नाही. वाईचा कृष्णाकाठचा गणपती घाट प्रसिद्धच आहे. याखेरीज भांड्याचा घाट म्हणजे आकार, कादंबरीचा घाट म्हणजे रचना, आणि लग्नाचा घाट घालणे म्हणजे बेत आखणे. नेपाळीत घाट हा शब्द स्मशानासाठीही वापरतात. बंगालमध्ये गावतळ्याच्या पायऱ्यांनाही घाटच म्हणतात.