मुक्काम पोस्ट डोमेन

आमचे आडनाव रोहेकर आणि मुक्काम तीन पिढ्या पेण. यात कुणालाच काही वावगे वाटत नाही. कोकणात आडनाव म्हणजे 'मूळचे कुठले?' याचे उत्तर. 'हल्ली कुठे असता?' हे पोस्टमनने बघायचे. सरकारनेही त्या बिचाऱ्याची वेळोवेळी परीक्षा घेतली. १५ ऑगस्ट १९७२ ला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेला पिनकोड आला. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला. आमचे आजोबा मात्र अखेरपर्यंत 'जि. कुलाबा' लिहीत राहिले, आणि पत्रे बिनबोभाट पोचत राहिली.

संगणकवाल्यांना ही युक्ती १९८३ साली सुचली. पॉल मोकापेट्रिस नावाच्या गृहस्थांनी डोमेनची पद्धत काढली : नाव कायम, बिऱ्हाड वाटेल तिथे. १९८६ साली तीत 'एमएक्स' नावाची नोंद आली, म्हणजे 'या आडनावाचे टपाल अमक्या दारात टाका.' त्याच साली आपट्याची रेल्वे पेणवरून रोह्याला पोचली. रोहा हे मोठे गमतीचे स्टेशन. इथे मध्य रेल्वे संपते, पुढे कोकण रेल्वे. पण खिडकीशी बसून वडा खाणाऱ्याला मालक बदलल्याचे कळतसुद्धा नाही. ई-मेलचेही असेच व्हावे, एवढीच अपेक्षा असते.

दादाचा पेणला गणपतींचा कारखाना. परदेशातल्या मूर्ती बोटीने जातात, म्हणून मागण्या कितीतरी महिने आधी येतात, आणि येतात ई-मेलने. धाकटा आडनाव शोधत रोह्याला परत गेला. धाटावच्या एमआयडीसीत सुटे भाग पुरवतो. दोघांनी मिळून आडनावाचे डोमेन घेतले. पुढे धाकट्याने स्वस्त पडते म्हणून दुसऱ्या कंपनीच्या क्लाऊडवर खाते उघडले, एमएक्स तिकडे वळवला, आणि दादाला सांगायचे राहून गेले.

बारा दिवस दादाची पत्रे 'असा इसम येथे राहत नाही' म्हणून परत जात होती. लंडनच्या एका मंडळाने मूर्ती दुसरीकडे सांगितल्या. दादाने धाकट्याशी बोलणे टाकले. आमच्या घरात हे याआधी एकदाच झाले होते, विहिरीवरून, आणि ते अकरा वर्षे टिकले होते.

मधला म्हणून मध्यस्थ मी. मला कळले ते इतके, की एका डोमेनचे टपाल आधी एकाच दाराशी उतरते. दोघांना आपापला क्लाऊड हवा, तर सोपा मार्ग तालुके पाडण्याचा : आडनावाच्या आधी एकाने 'पेण' लावायचे, दुसऱ्याने 'रोहा', आणि प्रत्येकाचा एमएक्स वेगळा. शिवाय 'एसपीएफ' नावाची एक यादी असते. आपल्या नावाने पत्र कोण धाडू शकतो, त्याची. धाकट्याने जुनीत भर घालण्याऐवजी दुसरी यादीच जोडली होती! एका घरात दोन रेशनकार्डे सापडावीत तसे झाले, दोन्ही बाद. म्हणून टपाल पूर्ववत झाल्यावरही दादाची उत्तरे लोकांच्या स्पॅममध्ये पडत होती. तालुके पाडल्यावर याद्याही वेगळ्या झाल्या.

राहिला सातबारा. डोमेन जिथे नोंदलेय तिथला पासवर्ड ज्याच्या हाती, तो उद्या दोन्ही तालुके फिरवू शकतो. दादा म्हणाला, धाकट्याकडे नको. धाकटा म्हणाला, दादाकडे नको. माझ्याकडे कुणी पाहिलेच नाही. शेवटी आईच्या नावे केले. तिचा संपर्काचा पत्ता मात्र मुद्दाम बाहेरचा दिला. कारण पैसे भरायची आठवण त्याच डोमेनवर येणार आणि डोमेनच बंद पडले, तर आठवण वाचणार कोण? किल्ली आत ठेवून कुलूप घालण्यातला प्रकार.

गेल्या वर्षी मुदतीच्या महिनाभर आधी आईचे दोघांना फोन गेले : "ते पैसे भरायचं पत्र आलंय. दोघंही या, जेवायलाच या. मी एकटी बटणं दाबायची नाही."

दोघे आले. पहिला भात होईपर्यंत कुणी बोलले नाही. मग धाकट्याने विचारले, "दादा, पाच वर्षांचे एकदमच भरून टाकूया का? कटकट नको." दादा हो म्हणाला.

"काही नको," आई म्हणाली. "दर वर्षी येऊ दे पत्र."